सुनील गावसकर : सलामीची कारकीर्द आणि संधीचा प्रश्न

शाळेच्या स्मरणिकेत क्रिकेटवर अभ्यासलेख कशासाठी, असा प्रश्न काही माजी विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या मनात येईल. आमचे उत्तर साधे आहे. ज्या मुलांना आम्ही इतिहास शिकवतो, त्यांना पानिपतच्या लढायांच्या सनावळीपेक्षा धावफलक अधिक तोंडपाठ असतो. तेव्हा त्या धावफलकालाच इतिहासाचे साधन मानावे आणि इतर कोणत्याही साधनाला विचारतो तेच दोन प्रश्न त्याला विचारावेत, असे आम्हांस वाटले. ते काय सांगते आणि ते काय सांगत नाही? कोणी किती धावा केल्या हे धावफलक चोख सांगतो. ज्याच्या हाती बॅट कधी आलीच नाही, त्याचे नाव मात्र त्यावर नसते.

या अभ्यासासाठी आम्ही सुनील मनोहर गावसकर यांची कारकीर्द निवडली. १९७१ ते १९८७ या काळात त्यांनी १२५ कसोटी सामने खेळून १०,१२२ धावा केल्या. त्यांत ३४ शतके आणि ४५ अर्धशतके असून सरासरी ५१.१२ आहे. कसोटी क्रिकेटमध्ये दहा हजार धावांचा टप्पा गाठणारे ते जगातील पहिले फलंदाज. पुढे इतरांनी हे आकडे ओलांडले, आणि ओलांडणारच होते. पण यांतील बहुतेक धावा डावाच्या प्रारंभी, कोऱ्या चेंडूसमोर उभे राहून झालेल्या आहेत, ही गोष्ट आकड्यांत दिसत नाही.

ज्या वाचकांनी केवळ टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळले असेल, त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. कसोटीचा चेंडू कातड्याचा, सुमारे १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा असतो. कोरा असताना त्याची शिवण उठावदार आणि पृष्ठभाग चकचकीत असतो. त्यामुळे तो हवेत वळतो, खेळपट्टीवर पडून अनपेक्षित दिशा धरतो आणि उसळतोही अधिक. गोलंदाज ताजेतवाने असतात, खेळपट्टीचा स्वभाव कोणालाच कळलेला नसतो. अशा वेळी जे दोघे मैदानात उतरतात ते सलामीचे फलंदाज. पहिला तास त्यांनी काढला म्हणजे चेंडूची लकाकी जाते, गोलंदाज थकतात आणि मागून येणाऱ्यांची वाट सुकर होते. म्हणजे सलामीच्या फलंदाजाने सोसलेल्या कष्टांचे फळ पुष्कळदा दुसऱ्याच्या नावावर जमा होते. आपल्या घराण्यात सर्वांत आधी शाळेची पायरी चढलेल्या वाचकांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

गावसकरांचा जन्म १० जुलै १९४९ रोजी मुंबईत झाला. त्या जन्माची एक हकिकत त्यांनीच आपल्या ‘सनी डेज’ या १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नोंदवली आहे. जन्माच्या दिवशी रुग्णालयात भेटायला आलेल्या नारायण मसुरेकर या त्यांच्या नानकाकांनी बाळाच्या डाव्या कानाजवळ एक बारीकसे छिद्र पाहिले होते. दुसऱ्या दिवशी पाळण्यातील बाळ त्यांनी उचलले, तर कानाजवळ छिद्र नाही. धावपळ झाली, रुग्णालयातील सर्व बाळे तपासण्यात आली, आणि छिद्र असलेले बाळ एका कोळी स्त्रीच्या शेजारी शांत झोपलेले सापडले. बाळांना आंघोळ घालताना अदलाबदल झाली असावी. काकांची नजर तीक्ष्ण नसती तर आपण कदाचित पश्चिम किनाऱ्यावर कुठेतरी मासेमारी करीत असतो, असे गावसकर गमतीने म्हणतात.

ही हकिकत क्रिकेटवरच्या लेखांतून शेकडो वेळा सांगितली गेली आहे आणि दरवेळी वाचक हसून पुढे गेले आहेत. अलिबागमध्ये बसून ती वाचताना इतके सहज पुढे जाता येत नाही. थळ, वरसोली, आक्षी, रेवदंडा या गावांतील कोळीवाड्यांतली मुले आमच्या वर्गांत बसतात. हा प्रसंग आम्ही वर्गात सांगितला तेव्हा वरसोलीच्या एका मुलीने उभे राहून विचारले, “सर, मग त्या दुसऱ्या बाळाचं काय झालं?” वर्ग हसला. आम्हांला मात्र हा प्रश्न इतिहास विषयाच्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेत शोभेल असा वाटला. मनगटे तीच, डोळे तेच, चित्ताची एकाग्रता तीच. फक्त घर बदलले असते तर १०,१२२ धावांतील किती धावा झाल्या असत्या?

या प्रश्नाचे उत्तर भावनेने देता येणार नाही. त्यासाठी घरापासून मैदानापर्यंतची साखळी कडीकडीने तपासावी लागते. ताडदेवच्या चिखलवाडीतील मध्यमवर्गीय घरात सुनील वाढला. वडील मनोहर स्वतः क्लब क्रिकेट खेळलेले. आई मीनल घराच्या गॅलरीत त्याला टेनिसचा चेंडू टाकीत असत. एकदा मुलाने मारलेला चेंडू त्यांच्या नाकावर बसला, रक्त आले, तरी तोंड धुऊन त्या पुन्हा चेंडू टाकू लागल्या. मामा माधव मंत्री हे भारताकडून चार कसोटी खेळलेले यष्टिरक्षक. मामांच्या कपाटातील भारतीय संघाचा स्वेटर भाच्याने मागितला, तेव्हा तो घाम गाळून मिळवायचा असतो असे त्यांनी बजावले. मामांचा करडेपणा आपण जरूर वाखाणावा, पण ज्या घराच्या कपाटात असा स्वेटर असतो, त्या घरातल्या मुलाला तो मिळवण्याची वाट निदान दिसते, हेही ध्यानात ठेवावे. पुढे सेंट झेवियर्स शाळा, झेवियर्स महाविद्यालय आणि माटुंग्याचा दादर युनियन क्लब. प्रत्येक कडीला पुढची कडी आपोआप लागत गेली.

म्हणून सारे आयते मिळाले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुंबईकडून रणजी करंडकाच्या पहिल्या सामन्यात म्हैसूरविरुद्ध ते शून्यावर बाद झाले. मामा निवड समितीवर होते, त्यामुळे वशिल्याचा शेरा प्रेक्षकांतून लगेच ऐकू आला. पुढच्या सामन्यात राजस्थानविरुद्ध त्यांनी ११४ धावा केल्या. दार उघडून देणारा मामा असू शकतो. आत गेल्यावर चेंडू ज्याचा त्यालाच खेळावा लागतो.

१९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्याकडे आता वळू. बोटाच्या नखाला झालेल्या जंतुसंसर्गामुळे किंग्स्टनची पहिली कसोटी हुकली. ६ मार्च रोजी पोर्ट ऑफ स्पेनला सुरू झालेल्या दुसऱ्या कसोटीत त्यांनी पदार्पण केले आणि ६५ व नाबाद ६७ धावा केल्या. भारताने तो सामना सात गडी राखून जिंकला. वेस्ट इंडीजवरचा तो आपला पहिला कसोटी विजय. त्यानंतर जॉर्जटाउनला ११६ व नाबाद ६४, ब्रिजटाउनला १ व नाबाद ११७, आणि पुन्हा पोर्ट ऑफ स्पेनला १२४ व २२०. ही शेवटची कसोटी ते तीव्र दातदुखीने हैराण असताना खेळले. चार कसोट्यांत ७७४ धावा, सरासरी १५४.८०. पदार्पणाच्या मालिकेतील हा विक्रम आजही अबाधित आहे. अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखाली भारताने मालिका जिंकली आणि त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटर या गायकाने गावसकरांवर कॅलिप्सो रचला. पराभूत संघाच्या देशात विजेत्याचे गीत गायले जावे, ही गोष्ट आम्हांला त्या आकड्यांइतकीच मोलाची वाटते.

येथे इतिहासाच्या शिक्षकाने एक सावधगिरीची सूचना द्यायलाच हवी. गावसकरांनी वेस्ट इंडीजविरुद्ध १३ शतके केली आणि ती सर्व भयंकर वेगवान चौकडीसमोर केली, असे सर्रास सांगितले जाते. ते तसे नाही. १३ पैकी चार १९७१ ची आहेत. तेव्हा ती चौकडी जन्मालाच आली नव्हती. आणखी चार १९७८-७९ च्या मालिकेतील आहेत. त्या वेळी वेस्ट इंडीजचे बहुतेक मातब्बर खेळाडू पॅकरच्या सामन्यांत गुंतले होते. उरलेली पाच, म्हणजे १९७६ ची दोन, १९८३ च्या दौऱ्यातील एक आणि १९८३-८४ ची दोन, ही खरोखर आगीतून काढलेली आहेत. पाच हा आकडा लहान वाटेल. त्या गोलंदाजीपुढे जगातील कितीजणांना पाच शतके करता आली, हे पाहिले म्हणजे तो लहान राहत नाही. मोठ्या माणसाला मोठे ठरवण्यासाठी आकडे फुगवावे लागत नाहीत.

१९७१ च्या त्याच संघात एकनाथ सोलकर होते. ब्रिजटाउनला भारताचा पहिला डाव कोसळत असताना त्यांनी ६५ धावा केल्या आणि गोव्यात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंबरोबर सातव्या गड्यासाठी १८६ धावांची भागी केली. त्याच वर्षी ओव्हलवर अ‍ॅलन नॉटचा त्यांनी पुढे झेपावून घेतलेला झेल जुन्या मंडळींना अजून आठवतो. सोलकरांचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणारे माळी होते. मैदानालगतच्या एका खोलीच्या झोपडीत सारे कुटुंब राहत असे. सामने चालू असताना लहानगा एकनाथ धावफलकावरचे आकडे बदलण्याचे काम करी. आणि १९६५-६६ मध्ये लंडनच्या शालेय संघाविरुद्ध भारतीय शालेय संघ उतरला, तेव्हा त्याचा कर्णधार होता एकनाथ सोलकर. त्याच्या हाताखाली खेळणाऱ्यांत सुनील गावसकर आणि मोहिंदर अमरनाथ होते. माळ्याचा मुलगा कर्णधार आणि कसोटीवीराचा भाचा त्याचा शिलेदार, हे दृश्य आम्हांला फार मोलाचे वाटते. सोलकरांनी २७ कसोट्यांत ५३ झेल घेतले, त्यांतले कितीतरी फलंदाजाच्या अगदी पुढ्यात उभे राहून, आणि तेही हेल्मेटवाचून. १९७५ मध्ये वानखेडे मैदानावर वेस्ट इंडीजविरुद्ध शतकही केले. काही कसोट्यांत ते सलामीलाही गेले.

सोलकरांच्या घराला पैसा नव्हता, पण घर मैदानात होते. कोळीवाड्यातील बाळाला तेही मिळाले नसते. मैदानापासूनचे अंतर हा या साखळीतील सर्वांत जड दुवा आहे, असे आमचे मत बनले आहे.

परंतु केवळ मैदानात असणेही एके काळी पुरेसे नव्हते. सोलकरांच्या आधी सत्तर वर्षे पुण्याच्या एका मैदानावर पळवणकर बाळू हा तरुण खेळपट्टीवर रोलर फिरवीत होता, जाळी ठोकीत होता आणि महिन्याला चार रुपये मिळवीत होता. चर्मकार समाजातील हा मुलगा डावखुरी फिरकी गोलंदाजी अप्रतिम करी. जे. जी. ग्रेग हा इंग्रज फलंदाज त्याला तासन्‌तास गोलंदाजी करायला लावून सराव करीत असे. हजारो चेंडू बाळूंनी टाकले, पण सरावात त्यांना फलंदाजी कधी देण्यात आली नाही. गोलंदाजी हे राबणे होते आणि फलंदाजी हा मान होता. पुढे बऱ्याच वादानंतर पुण्याच्या हिंदूंच्या क्लबने त्यांना संघात घेतले. मैदानावर चेंडू सर्वांनी एकच हाताळायचा, चहाच्या वेळी मात्र बाळूंनी बाहेर उभे राहून मातीच्या वेगळ्या भांड्यातून चहा प्यायचा, अशी ती व्यवस्था होती. चेंडूला विटाळ होत नाही आणि कपाला होतो, हे तर्कशास्त्र ज्याने शोधले त्याच्या बुद्धीची कमाल वाटते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना शेवटपर्यंत मिळाले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले, आणि विठ्ठल हे फलंदाज होते, ही बाब लक्षणीय आहे. एका भावाला जाळीत बॅट मिळाली नाही. दुसऱ्याने बॅटीच्या बळावर संघाचे नेतृत्व केले. मध्ये एक पिढीभराचा झगडा होता.

हेच बाळू १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध काँग्रेसचे उमेदवार म्हणून उभे राहिले आणि पराभूत झाले. आपल्या मंडळींत त्यामुळे त्यांचे नाव घ्यायला काहीजण अजूनही कचरतात. तो राजकीय निर्णय चुकीचा होता असे आमचेही मत आहे. त्यांनी घेतलेले बळी त्यामुळे कमी होत नाहीत.

आता गावसकरांच्या प्रत्यक्ष कलेकडे येऊ. सलामीच्या फलंदाजाची पहिली विद्या चेंडू सोडण्याची आहे. ऑफ स्टंपच्या बाहेरून जाणारा चेंडू खेळण्याचा मोह प्रत्येकाला होतो. आपली ऑफ स्टंप नेमकी कोठे आहे याचे अचूक भान ठेवून जो चेंडू खेळायला हवा तोच खेळायचा, बाकीचे निर्विकारपणे जाऊ द्यायचे, हे गावसकरांइतके क्वचितच कोणाला साधले. जवळजवळ साडेपाच फूट उंचीच्या या माणसाने सहा-साडेसहा फुटी गोलंदाजांचे उसळते चेंडू डोक्यावर साधी टोपी घालून खेळले. कारकिर्दीच्या उत्तरार्धात त्यांनी टोपीखाली कपाळ आणि कानशिले झाकणारे एक छोटे कवच वापरले; पूर्ण हेल्मेट कधीच नाही. हे धाडस म्हणून मुलांना सांगताना, त्याचे अनुकरण करू नये, असेही आम्ही त्याच दमात सांगतो.

भयाचा खरा अर्थ १९७६ च्या किंग्स्टन कसोटीत कळतो. त्याआधीच्या पोर्ट ऑफ स्पेन कसोटीत भारताने ४०३ धावांचे लक्ष्य चार गडी गमावून पार केले होते. गावसकरांच्या १०२ आणि विश्वनाथांच्या ११२ धावा त्या विजयाच्या पायाशी होत्या. किंग्स्टनला त्याचा सूड उगवल्यासारखी आखूड टप्प्याची गोलंदाजी झाली. गावसकरांचे सलामीचे साथी अंशुमन गायकवाड ८१ धावांवर असताना कानावर चेंडू बसून जखमी झाले. बिशनसिंग बेदींनी ६ बाद ३०६ वर डाव सोडून दिला आणि दुसरा डाव ९७ धावांवर संपला, कारण पाच खेळाडू फलंदाजीला येण्याच्या अवस्थेत नव्हते. त्या सामन्यात गावसकरांच्या ६६ आणि २ अशा धावा आहेत. विक्रमांच्या यादीत हे आकडे कुठेही येत नाहीत.

सलामी ही जोडीने करावयाची गोष्ट आहे. म्हणून पुण्याच्या वाडिया महाविद्यालयात शिकलेले आणि काही काळ महाराष्ट्राकडून खेळलेले चेतन चौहान यांचे नाव घेतल्यावाचून हा लेख अपुरा राहील. चाळीस कसोट्या, २०८४ धावा, एकही शतक नाही. लोक त्यावर विनोद करीत. परंतु गावसकर-चौहान जोडीने मिळून तीन हजारांहून अधिक धावांची सलामी दिली आहे. १९७९ च्या ओव्हल कसोटीत भारतापुढे ४३८ धावांचे लक्ष्य होते. चौथ्या दिवसअखेर बिनबाद ७६. शेवटच्या दिवशी ही जोडी २१३ पर्यंत गेली. चौहान ८० वर बाद झाले. मग वेंगसरकरांच्या साथीने गावसकरांनी धावसंख्या ३६६ वर नेली. आठ तासांहून अधिक काळ खेळून ते २२१ धावांवर बाद झाले आणि सामना ८ बाद ४२९ वर, अवघ्या नऊ धावा कमी असताना अनिर्णित राहिला. ती सर्व वेळ दुसऱ्या टोकाला कोणीतरी उभे होते, हे विसरू नये.

उणिवाही नोंदवल्या पाहिजेत, नाहीतर हा अभ्यास न राहता आरती होईल. ७ जून १९७५ रोजी लॉर्ड्सवर पहिल्या विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात इंग्लंडने ६० षटकांत ३३४ धावा केल्या. त्याला उत्तर देताना गावसकरांनी १७४ चेंडू खेळून नाबाद ३६ धावा केल्या. याचे समाधानकारक समर्थन आजवर कोणी केलेले नाही, त्यांनीही नाही. फेब्रुवारी १९८१ मध्ये मेलबर्नला ७० धावांवर लिलीच्या चेंडूवर पायचीत दिले गेल्यावर ते इतके संतापले की साथीदार चौहान यांना घेऊन मैदानाबाहेर निघाले. व्यवस्थापक विंग कमांडर दुराणी यांनी सीमारेषेवर चौहान यांना थांबवून परत पाठवले. चौहान खेळत राहिले, आणि पुढे कपिलदेवच्या २८ धावांतील पाच बळींनी ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ वर संपून भारत ५९ धावांनी जिंकला. कर्णधार सामना सोडून देण्याच्या बेतात होता, तो सामना भारताने जिंकला! त्या वागण्याबद्दल गावसकरांनी नंतर उघडपणे खेद व्यक्त केला आहे. कर्णधार म्हणून ४७ कसोट्यांत ९ विजय, ८ पराभव आणि ३० अनिर्णित हा हिशेबही फारसा चमकदार नाही.

१९८३-८४ मध्ये वेस्ट इंडीज संघ विश्वचषकातील पराभवाचे उट्टे काढायला आला. कानपूरला माल्कम मार्शलच्या चेंडूने गावसकरांच्या हातातील बॅट उडवली. गावसकर संपले, असा गवगवा झाला. पुढच्याच दिल्ली कसोटीत त्यांनी ९४ चेंडूंत शतक झळकावले आणि ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केली. डिसेंबरमध्ये मद्रासला त्यांनी चौथ्या क्रमांकावर खेळायचे ठरवले. पण पहिले दोन गडी शून्यावर बाद झाल्याने त्यांना जवळपास सलामीलाच यावे लागले. त्या डावात नाबाद २३६ झाल्या. ३० वे शतक आणि विनू मंकडांच्या २३१ धावांच्या पुढे गेलेली, त्या काळची भारताची सर्वोच्च खेळी.

७ मार्च १९८७ रोजी अहमदाबादला पाकिस्तानविरुद्ध त्यांनी दहा हजारावी धाव घेतली. पण आम्ही विद्यार्थ्यांना तो डाव शिकवत नाही. त्यानंतर सहाच दिवसांनी बंगळूरला सुरू झालेली त्यांची अखेरची कसोटी शिकवतो. खेळपट्टी अशी फुटली होती की चेंडू पडल्यावर धूळ उडे आणि तो हातभर वळे. कधी छातीपर्यंत उसळे, कधी घोट्याशी राही. भारताला २२१ धावा हव्या होत्या. सदतीस वर्षांच्या गावसकरांनी त्या खेळपट्टीवर पाच तासांहून अधिक काळ चेंडू उशिरा, शरीराच्या अगदी जवळ आणि सैल हातांनी खेळून ९६ धावा केल्या. इक्बाल कासिमच्या उसळलेल्या चेंडूवर स्लिपमध्ये त्यांचा झेल गेला. भारताचा डाव २०४ वर आटोपला आणि १६ धावांनी पराभव झाला. चार धावांनी शतक हुकले, सामना हरला, मालिका गेली, आणि जाणकारांच्या मते हीच त्यांच्या सर्वोत्तम खेळींपैकी एक. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॉर्ड्सवर एमसीसीच्या द्विशताब्दी सामन्यात १८८ आणि ३१ ऑक्टोबरला नागपूरला न्यूझीलंडविरुद्ध ८८ चेंडूंत नाबाद १०३, हे त्यांचे एकमेव एकदिवसीय शतक. लॉर्ड्सच्या साठ षटकांतील ३६ धावांचे कर्ज बारा वर्षांनी फिटले म्हणायचे.

मैदानाबाहेरील एक घटना येथे नोंदवतो. जानेवारी १९९३ च्या मुंबईतील दंगलीत त्यांच्या इमारतीखाली एका कुटुंबाला जमावाने घेरलेले त्यांनी पाहिले. ते खाली उतरून जमावासमोर उभे राहिले. त्यांना काही करायचे तर आधी मला करा, असे त्यांनी बजावले आणि ते कुटुंब सुखरूप गेले. त्यांचे पुत्र रोहन यांनी ही आठवण जाहीरपणे सांगितली आहे.

आता आपल्या किनाऱ्याबद्दल थोडे. अलिबागने भारतीय संघाला एक कसोटीपटू दिला आहे, हे आपल्या मुलांना सहसा ठाऊक नसते. डावखुरे मध्यमगती गोलंदाज उमेश कुलकर्णी यांचा जन्म १९४२ साली अलिबागचा. १९६७-६८ च्या ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड दौऱ्यात ते चार कसोट्या खेळले. ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यासमोरच्या टणक वाळूवर आज संध्याकाळी डझनभर सामने एकाच वेळी रंगतात. टेनिसच्या चेंडूच्या स्पर्धांत आपल्या जिल्ह्यातील मुलांचा हात धरणारे कमी आहेत. परंतु टेनिसचा चेंडू भीती शिकवत नाही, आणि सोडायचेही शिकवत नाही. त्यावर प्रत्येक चेंडू मारायचाच असतो. सीझन बॉलवर जायचे तर पॅड, हातमोजे, हेल्मेट, चांगली बॅट यांचा खर्च मजुरी करणाऱ्या किंवा मासळी विकणाऱ्या घराच्या आवाक्याबाहेरचा आहे. मुंबईच्या फलंदाजांना ओल्या, लहरी खेळपट्ट्यांवर घडवणारी कांगा लीग भर पावसाळ्यात खेळली जाते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत मांडव्याच्या लाँच बंद असतात. समोर मुंबई दिसते, पण दादरला सकाळच्या सामन्यासाठी पोहोचायचे तर पहाटे अंधारात पेण-वडखळच्या रस्त्याने निघावे लागते. गावसकरांच्या आत्मचरित्रातील त्या दुसऱ्या बाळाला कोणते अंतर कापावे लागले असते, याचा अंदाज यावरून यावा.

वसतिगृहातील मुलांसाठी गेल्या दोन वर्षांत आम्ही थोडी सुरुवात केली आहे. मैदानाच्या पश्चिम कडेला मॅट अंथरण्याइतकी पट्टी सपाट करून घेतली असून माजी विद्यार्थ्यांपैकी एकाने दिलेले दोन जोड पॅड आणि एक हेल्मेट यांवर बावीस मुले आणि सात मुली पाळीपाळीने सराव करतात. सरावाचा नियम एकच ठेवला आहे : जो चेंडू टाकील त्याला, तितकाच वेळ, बॅटही मिळेल. डावऱ्या मुलांसाठी हातमोज्यांचा एक जोड आणि लहान मापाच्या दोन बॅटी हव्या आहेत. ज्यांच्या घरी वापरात नसलेल्या असतील त्यांनी वर्धापनदिनाला येताना सोबत आणाव्यात.